४०० माणसं, किती खुर्च्या?

माझा धाकटा भाऊ एका सॉफ्टवेअर कंपनीचा आर्थिक कारभार बघतो. माझी बायको ऑफिसांची अंतर्गत रचना करते. कुठे भिंत, कुठे टेबल, कुठे नुसती मोकळी जागा, हे ठरवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली आहेत. भावाच्या कंपनीच्या हिंजवडीतल्या जागेचा करार संपत आलाय. माणसं ४००. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. नव्या करारात जागा किती घ्यायची, यावर दीर-भावजयीत जे बोलणं झालं ते इथे देतो आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांपुढे आज हाच प्रश्न आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चौरस फुटाच्या भावावर निकालात काढला जातो. मला ते पटत नाही. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी ढोबळ केलेले आहेत, पण त्यांची आपसातली प्रमाणं खरी आहेत.

भावोजी: वहिनी, गणित सरळ आहे. ४०० माणसं, पाचातले तीन दिवस येणार. म्हणजे रोजची सरासरी २४०. मी २५० खुर्च्या धरतो. पॅसेज, मीटिंग रूम, पँट्री सगळं मिळून खुर्चीमागे १०० चौरस फूट लागतात. फुटाला ८० रुपये भाडं धरलं तर एका खुर्चीचे महिन्याला ८ हजार. १५० खुर्च्या कमी झाल्या की महिन्याचे १२ लाख वाचले, वर्षाचे १ कोटी ४४ लाख. वीज, देखभाल वेगळीच. एवढे पैसे सोडायचे कशासाठी?

वहिनी: दाराच्या स्वाइपचे आकडे काढून आणा म्हटलं होतं.

भावोजी: आणलेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार ३४० च्या आसपास. सोमवारी १३०. शुक्रवारी ५०.

वहिनी: आता बेरीज करा. १,२०० होते, पाचाने भागली की २४०. तुमची सरासरी अगदी बरोबर आहे, फक्त त्या सरासरीइतकी माणसं आठवड्यातल्या एकाही दिवशी येत नाहीत. तीन दिवस ९० जण उभे राहणार आणि दोन दिवस जवळपास निम्मा किंवा त्याहून जास्त मजला रिकामा पडून त्यावर एसी चालू राहणार. आणि हे आकडे कुठल्या आठवड्यांचे? गणपतीतले असतील तर बाजूला ठेवा. पालखीच्या दिवसांतलेही नकोत. साधे, सणवार नसलेले सात-आठ आठवडे हवेत, आणि दिवसाचा एकच आकडा नको, तासातासाचा हवा. सकाळी साडेदहाला स्वाइप करून, कॉफी पिऊन दुपारी घरी जाणाराही तुमच्या यादीत अख्खा दिवस हजर दिसतो.

भावोजी: म्हणून तर बुकिंगचं अ‍ॅप आहे. आदल्या दिवशी जागा राखायची. मंगळवारी नाही मिळाली तर सोमवारी या.

वहिनी: सोमवारी येऊन भेटायचं कोणाला? त्याची टीम तर मंगळवारी येऊन गेली. भावोजी, मी मजल्यांवर जाऊन बसते, बघते. हडपसरहून निघालेला मुलगा भूमकर चौकातल्या गर्दीतून दीड तासाने पोहोचतो. अ‍ॅपने दिलेली जागा शोधतो, शेजारी अकाउंट्सची अनोळखी माणसं. बॅगेतून लॅपटॉप काढतो, खुर्ची वर-खाली करतो, मॉनिटरची वायर लागते का बघतो. मग हेडफोन घालून स्वतःच्याच टीमशी व्हिडिओवर बोलतो, कारण त्यातले तिघं घरी आहेत आणि दोघं वरच्या मजल्यावर. संध्याकाळी पुन्हा दीड तास. त्याला तुम्ही ऑफिसला बोलावलंत ते नेमकं कशासाठी?

भावोजी: पण ते १२ लाख उरतातच की.

वहिनी: तेही मोजू. जागा शोधणं, सामान लावणं, शेवटी आवरणं, याला माणशी दिवसाला दहा मिनिटं धरा. जास्त धरत नाही मी. ४०० माणसं महिन्याला बारा दिवस येतात, म्हणजे ८०० तास झाले. महिना लाखभर पगाराच्या माणसाचा तास ६०० रुपयांना पडतो. ४ लाख ८० हजार इथेच गेले. तुमच्या वह्यांत भाड्याचा रकाना आहे, या तासांचा नाही, म्हणून ते फुकट वाटतात. आणि तुमचा पगाराचा खर्च महिन्याला ४ कोटी. वाचवलेले १२ लाख म्हणजे त्याचे ३ टक्के. ३ टक्क्यांसाठी या ४ कोटींचं काम अडवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा मुद्दा मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटतो. जागेचा खर्च डोळ्यांना दिसतो कारण त्याचं बिल येतं. विस्कळीत झालेल्या दिवसाचं बिल कोणी पाठवत नाही. भाऊ मात्र इतक्यात ऐकणारा नव्हता, आणि त्याच्याकडचे मुद्देही कच्चे नव्हते.

भावोजी: मग मी उलट विचारतो. लोकांना आणायचंच कशाला? चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ लोकांवर सहा महिने प्रयोग झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये तो छापला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं तर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या मूल्यमापनात, बढत्यांत काही फरक पडला नाही. तिथल्या मॅनेजरांना आधी वाटत होतं की उत्पादकता घटेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत पालटलं. आमच्याकडचा एक चांगला माणूस गेला तर नवा शोधून तयार करायला सहा महिने जातात.

वहिनी: मी घरच्या दिवसांच्या विरोधात नाहीच. पण तो प्रयोग नीट वाचा. घरी राहायचे दिवस ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार. राहिलेल्या तीन दिवशी सगळेच ऑफिसात. कोणीही कुठल्याही दिवशी यावं असं तिथे नव्हतं. तुम्ही त्यातला ‘दोन दिवस घरी’ एवढाच भाग उचलताय आणि ज्यामुळे ते जमलं, ते ठरलेलं वेळापत्रक मागे ठेवताय.

भावोजी: ठीक. पण ऑफिसात एकत्र बसलं की लोक बोलतात, हे तरी कुठे खरं आहे? हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दाखवलं की भिंती काढून मोकळा हॉल केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळे एकमेकांना दिसतात म्हणून सगळे हेडफोन घालतात.

वहिनी: हे तुमचं मान्य. मी स्वतः असे हॉल केलेत, तेव्हा सगळ्यांना तेच हवं होतं. पण यातून ऑफिस नको असं ठरत नाही, हॉलची रचना बदलायला हवी असं ठरतं. दुपारी तीनला तुमच्याच मजल्यावर बघा. चौदा जणांच्या कॉन्फरन्स रूममध्ये एकटा माणूस हेडसेट लावून बसलाय आणि बाहेर चौघं जिन्यात उभं राहून चर्चा करताहेत. मीटिंग बहुतेक दोघा-चौघांची असते आणि खोल्या आपण बारा-चौदांच्या बांधतो. त्या मोठ्या खोलीच्या तीन करा. एकट्याने फोनवर बोलायला बंद बूथ द्या. वीस-पंचवीस टेबलं कमी करून ती जागा याला दिली तरी कोणी तक्रार करणार नाही.

भावोजी: म्हणजे टेबलं कमी करायला तुमची ना नाही!

वहिनी: टेबलं कमी करायला ना नाही. पण टेबलं कमी झाली म्हणून जागा कमी झाली असं मानायला ना आहे.

पुढे बोलणं नव्या माणसांकडे वळलं. इथे माझ्या बायकोचा आवाज जरा चढला, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

वहिनी: तुमच्याकडे यंदा कॉलेजातून थेट किती मुलं आली?

भावोजी: चाळीस.

वहिनी: ती चाळीस मुलं कोणाच्या शेजारी बसतात? एमान्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलाइस या तिघींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या प्रोग्रॅमरांचा अभ्यास केला. टीम एकाच इमारतीत बसत असेल तर एकमेकांच्या कोडवर जास्त शेरे मिळतात, आणि त्याचा सर्वांत जास्त फायदा नव्यांना होतो. त्याची किंमत जुन्यांनी मोजलेली असते. शिकवण्यात वेळ गेल्यामुळे त्यांचं स्वतःचं काम थोडं कमी होतं. म्हणूनच सीनियर लोकांना घर आवडतं, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांना कोणीतरी शेजारी बसवून घेतलं होतं. ‘हे असं का केलंस’ हे सहज विचारणारं माणूस ज्याच्या शेजारी नाही, तो चॅटवर प्रश्न टाइप करतो, खोडतो, पुन्हा टाइप करतो आणि शेवटी विचारतच नाही.

भावोजी: आणि बायका? आमच्याकडे घरचे दिवस सर्वांत जास्त त्याच मागतात.

वहिनी: मागतात, कारण दुसरं काही मिळत नाही. लहान मूल असलेल्या बाईला घरचे दोन दिवस म्हणजे मोठा आधार आहे, तो काढू नका. पण दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेल्या बाईला दिवसभर ‘घरीच आहेस ना, जरा कुकर लाव’ ऐकावं लागतं, हेही मला त्याच सांगतात. काही जणींना ऑफिस हवं असतं ते त्यासाठीच. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करायची, हे २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने बंधनकारक केलं. दिवसातून चार वेळा आईने बाळाकडे जाऊन यायचा हक्कही त्यातच दिला. तुमच्या २५० खुर्च्यांच्या नकाशात मला पाळणाघर कुठे दिसलं नाही.

भाऊ यावर थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने नकाशा पुढे ओढला आणि ‘बरं, मग तुम्ही सांगा किती’ असं विचारलं.

वहिनी: आकडा शेवटी सांगते. आधी कॅलेंडर. तुमच्या टीम दोन गटांत वाटा, पण वाटताना एकमेकांच्या हातात काम देणाऱ्या टीम एकाच गटात ठेवा. टेस्टिंगवाले एका गटात आणि ज्यांचं ते तपासतात ते दुसऱ्यात, असं झालं तर सगळं मुसळ केरात. पहिला गट सोमवार-मंगळवार ठरवून येईल, दुसरा बुधवार-गुरुवार. तिसरा दिवस ज्याचा त्याने निवडावा. आता मोजा. २०० चा गट, रजा-आजारपण धरून ठरलेल्या दिवशी १८० येतील. दुसऱ्या गटातले आपला तिसरा दिवस म्हणून, अगदी गर्दीच्या वारी, ८० येतील. २६० झाले. थोडी फट ठेवून २८०.

भावोजी: सोमवार कोणाला हवाय?

वहिनी: कोणालाच नको असतो, म्हणून दर तिमाहीला गट पालटा. शुक्रवारी पन्नास-साठ माणसं येतील, त्यांना एकाच बाजूला बसवा आणि दुसऱ्या बाजूचा एसी बंद ठेवा. पण एसीचे भाग तसे वेगळे आहेत का, हे जागा घेण्याआधीच मालकाला विचारायचं असतं.

भावोजी: म्हणजे कोणाचीच स्वतःची जागा नाही. मग अ‍ॅप आणि तुमचं यात फरक काय?

वहिनी: जागा माणसाची नाही, टीमची. प्रत्येक टीमची ठरलेली आळी असेल. आल्यावर आपल्या लोकांत बसायचं, कुठल्या खुर्चीत याला महत्त्व नाही. प्रत्येकाला लॉकर, कारण रोज कीबोर्ड-माउस पाठीवर वाहून आणायला लावणं बरं नव्हे. लॉस एंजेलिसच्या शायट-डे या जाहिरात कंपनीने १९९४ मध्ये कोणालाच जागा ठेवली नव्हती. सकाळी खिडकीवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि मिळेल तिथे बसायचं. लोक गाडीच्या डिकीत फायली ठेवायला लागले. चार-पाच वर्षांत त्यांनी ते गुंडाळलं. आणि काहींना ठरलेली खुर्ची हवीच. पाठीचं ऑपरेशन झालेला, व्हीलचेअरवरचा, गरोदर बाई. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, पण कायद्याची आठवण करून द्यावी लागू नये.

भावोजी: आणि वार्षिक मेळाव्याला ४०० एकदम आले तर?

वहिनी: घरात एक लग्न आहे म्हणून कोणी दहा खोल्या बांधत नाही, कार्यालय घेतात. त्या दिवशी हॉल भाड्याने घ्या.

भावोजी: २८० खुर्च्या म्हणजे २८ हजार चौरस फूट.

वहिनी: ३० हजार घ्या. राष्ट्रीय इमारत संहिता कार्यालयात माणशी १० चौरस मीटर धरते आणि आग लागली तर बाहेर पडायचे रस्ते त्यावर मोजते. २८० माणसांना ते ३० हजार चौरस फुटांच्या आसपास जातं. खुर्ची वाटून घेता येते, जिना वाटून घेता येत नाही. स्वच्छतागृहांचंही तेच. एक वाजता पँट्रीत जाऊन बघा, दोन मायक्रोवेव्ह आणि डबे हातात घेऊन पंचवीस जण रांगेत. गर्दीच्या दिवसाची माणसं मोजून तिथे सहा मायक्रोवेव्ह लावले तर त्या खर्चाला तुम्ही नाव ठेवणार नाही.

भावोजी: आता माझी खरी अडचण सांगतो. आमच्या एमडींच्या मनात पाच दिवसांचं घोळतंय. टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोक ऑफिसात लागणार नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनीच सगळ्यांना पाच दिवस बोलावलं. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केलं. उद्या आमच्याकडे तसं झालं तर तुमच्या २८० खुर्च्या अपुऱ्या पडतील, आणि नाही झालं तर ४०० खुर्च्यांचं भाडं माझ्या अंगावर.

वहिनी: हे पहिल्यांदाच तुम्ही खुर्च्यांच्या पलीकडचं बोललात. टीसीएससारख्या कंपनीचं मत साडेतीन वर्षांत फिरलं. मग आपण कराराच्या नऊ वर्षांचा अंदाज कोणत्या जोरावर बांधायचा? म्हणून आकड्यापेक्षा कराराकडे लक्ष द्या. लॉक-इन, म्हणजे करार सोडता येत नाही ती मुदत, तीन वर्षांचीच ठेवा. दर तीन वर्षांनी भाड्यात १५ टक्के वाढ हा बाजाराचा रिवाज आहे, तिथे फार घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी शेजारचा अर्धा मजला रिकामा झाला तर पहिला हक्क आपला, हे लिहून घ्या. आपली काही जागा दुसऱ्याला देण्याची परवानगीही लिहून घ्या. फर्निचर हलवता येईल असं करा. वीज आणि डेटाच्या तारा अशा टाका की टेबलं पालटली तरी फरशी उखडावी लागू नये. थोडा खर्च वाढतो. पण तीन वर्षांनी धोरण बदललं तर तोच खर्च तुम्हाला तारतो.

भावोजी: आणि एमडींना काय सांगू?

वहिनी: पाच दिवस बोलवायचे असतील तर खुशाल बोलवा, पण त्याचं भाडं आणि जाणारी माणसं, दोन्ही एकाच कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. ते काम तुमचंच आहे. जागेच्या टंचाईतून धोरण ठरू देऊ नका, आणि रिकाम्या खुर्च्या दिसतात म्हणून माणसं ओढून आणू नका. भाडं भरतोय म्हणून ऑफिस भरलं पाहिजे, हा विचार मला सर्वांत घातक वाटतो.

त्यांचं बोलणं इथे थांबलं. २८० वर एकमत झालं असं नाही. भावाला अजून २६० पुरतील असं वाटतं आणि दहा मिनिटांचा हिशेब त्याला फुगवलेला वाटतो. पण त्याने मालकाकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आहे. तेवढ्या वेळात प्रत्येक टीम लीडकडून तो एका पानावर तीन गोष्टी लिहून घेणार आहे: तुमच्या टीमने एकत्र बसून करायचं काम कोणतं, ते कोणत्या दुसऱ्या टीमबरोबर असतं आणि तुमच्याकडचे नवे कोणाच्या शेजारी बसतात.

माझं मत बायकोच्या बाजूने झुकलेलं आहे हे वाचकाला दिसलंच असेल. तरी एक गोष्ट भावाच्या बाजूने सांगायला हवी. त्याने खर्चाचा प्रश्न लावून धरला नसता तर तासांचा हिशेबही निघाला नसता आणि एसीचे भाग कोणी विचारले नसते. जागा आखणाऱ्याला पैशाची चाड असावी आणि पैसे मोजणाऱ्याने एक दिवस मजल्यावर बसून बघावं. बऱ्याच कंपन्यांत ही दोन माणसं करारावर सही झाल्यानंतर पहिल्यांदा भेटतात.

तुमच्या कंपनीचा करार या वर्षी संपत असेल आणि त्यात तुमचा शब्द चालत असेल, तर एक विनंती आहे. चौरस फुटाचा भाव विचारण्याआधी आठ आठवड्यांचे तासातासाचे आकडे आणि टीम लीडची ती पानं हातात घ्या. दोन्ही मिळवायला पैसे लागत नाहीत.